हाताची घडी

साक्रीच्या पहिल्या एसटीने उतरले तेव्हा
डोंगराच्या धारेवर पवनचक्क्या फिरत होत्या,
वीस-पंचवीस, कुणाची घाई नसल्यासारख्या,
आणि शाळेत लाइट नव्हती.

माझ्या पिशवीत आठ टॅबलेट, एक एक्स्टेन्शन बोर्ड,
आणि तालुक्याचं पत्र :
'शिक्षकांना तंत्रस्नेही करणे.'
करणे.
जसं भिंत पांढरी करणे.

प्रोजेक्टर कपाटात होता.
वर गेल्या दसऱ्याचं कुंकू,
झेंडूची एक वाळकी पाकळी
वायरच्या वेटोळ्यात अडकलेली.
"पूजा करतो दरसाल," भामरेबाई म्हणाल्या.
"उघडला नाही कधी?"
"उघडला की बिघडतो. बिघडला की लेखी द्यावं लागतं."

नाव कोकिळा. आवाज तीन वर्ग ओलांडून
हापशापर्यंत जाणारा. नोकरीची उरली दोन वर्षं.
खडू हातात आला की अख्खा धुळे जिल्हा
एका रेघेत काढतात, मग तापी, मग पांझरा,
पुसायला काही राहत नाही.
तोच हात काचेवर ठेवला
आणि काच त्यांना ओळखेना.
चौतीस वर्षांची खडूची भुकटी
बोटांच्या रेषांत मुरलेली;
दाबतात, पुन्हा दाबतात,
"माझं बोटच चालत नाही हो."

"द्या इकडे, मी करते."
हे मी त्या दिवशी किती वेळा म्हणाले
ते चौथीतला हर्षल ठेलारी मोजत होता.
अकरा.
अकराव्या वेळी बाई मागे वळल्या,
पोरांवर ओरडायच्या त्याच सुरात, पण घरच्या बोलीत :
"थांब ना माय, माले करू दे.
हाताची घडी. तोंडावर बोट."
वर्ग फुटला हसून.
मी घडी घातली.
कोपरांना जुनी सवय आठवली,
आणि बोट ओठांवर गेल्यावर कळलं,
की सकाळपासून फक्त मीच बोलत होते.

बाईंनी पदराचं टोक पाण्यात बुडवलं,
बोट पुसलं.
काच उजळली.

त्यांनी काय करावं हे माझ्या पत्रात नव्हतं.
हजेरीपट उघडला,
एका नावापुढे दिवाळीपासूनची गैरहजेरी,
लाल, ओळीने, मुंग्यांसारखी.
पूनम. हर्षलची चुलत बहीण.
मेंढरांमागे गेलेली, गुजरातच्या हद्दीत कुठेतरी.
"हिच्या बापाकडे मोबाइल आहे," बाई म्हणाल्या,
"माझं बोलणं तिथवर जाईल?"

मग त्या बोलल्या. आधी फार मोठ्याने,
टॅबलेट बहिरा असल्यासारखं.
पुसलं. पुन्हा.
"पूनम, तुझ्याकडे अठ्ठावीस मेंढ्या,
काकाच्या सतरा.
आठ न् सात पंधरा, पाच खाली, हातचा एक.
हातचा विसरायचा नाही, बाई.
तो दिसत नाही, पण असतो."

ऐकवलं तेव्हा दचकल्या :
"ही मी? इतकी खेकसते?"
कुणीच उत्तर दिलं नाही.
तिसऱ्यांदा बोलल्या ते हळू,
अंगणात कुणाची वेणी घालताना बोलावं तसं.
मग पाठवलं.
वर्तुळ फिरत राहिलं, फिरत राहिलं,
रेंज हापशाजवळच मिळते,
म्हणून सगळा वर्ग हापशाजवळ.

मी पुन्हा गेले ते सोमवारी.
लाइट नव्हतीच.
बाईंनी टॅबलेट कानाशी धरला होता, रेडिओसारखा.
उत्तर आलं होतं :
वारा, घंट्या, कुणीतरी हाकारतंय,
मग एक बारीक आवाज,
"पंचेचाळीस. पण बाई, एक मरी गयं.
आते चव्वेचाळीस."
बराच वेळ नुसती मेंढरं.
आणि अगदी शेवटी, बंद करता करता,
"बाई, शाळामा लाईट उनी का?"

बाईंनी डोंगराकडे पाहिलं, जिथे सगळं फिरत होतं.
पदर ओला केला. बोट पुसलं.
काय सांगावं याचा विचार करत
काचेवर अधांतरी धरून ठेवलं.

मला सुचत होतं बरंच.
मी घडी सोडली नाही.