पट्टा

झोम्बोरला हवा वायमारानर,
शिशासारखा राखाडी,
डोळे असे की आपणच काही लपवतोय असं वाटावं.
मला विज्ला. गंजलेल्या बिजागरीचा रंग,
आणि बसायचं तर थेट मांडीवर,
पंचवीस किलोंनिशी.

तीन आठवडे जेवणाच्या टेबलावर हेच.
बोरोका म्हणाली, दोन्ही आणू. तिला विचारतंय कोण!

रविवारी सोल्नोकच्या पुढे, तिसा नदीच्या बांधालगत
पिरोश्काबाईंकडे गेलो. दोन्ही जाती त्यांच्याकडे.
पिल्लं आमच्या बुटांच्या नाड्या सोडवत होती.
बाईंनी ना घर विचारलं, ना पगार.
ॲप्रनला हात पुसत एवढंच:
"जानेवारीत, पहाटे पाचला, कोण उठणार?"

झोम्बोरने माझ्याकडे पाहिलं.
मी बोरोकाकडे.
बोरोकाने पिल्लाकडे.
पिल्लाने जांभई दिली.

"महिनाभर चालून या," बाई म्हणाल्या,
"रोज दोन तास. कुत्र्याशिवाय.
मग रंगाचं बोलू."
आणि एक जुना पट्टा हातात ठेवला.

आज एकोणिसावा दिवस.
बांधावर धुकं, मोजे ओले,
झोम्बोरच्या खिशात पट्ट्याची कडी खुळखुळते.
नोकरी बहुतेक जाईल, हे त्याने काल सांगितलं,
समोर बघत, चालता चालता.
घरी हे त्याच्या तोंडून निघालं नसतं.

रंग अजून ठरलेला नाही.
पण पाणगवताच्या वळणावर आम्ही दोघं थांबतो,
कुणी मागे राहिल्यासारखे.
तो शीळ घालतो.
मला येत नाही, तरी मीही.