उणे एकतीस

पायरीवर चार बरण्या मांडल्यात, बेरीच्या मुरंब्याच्या,
एकीलाही झाकण नाही.
रात्रभर राहू देत उघड्यावर, रेइमा.
कुह्मोचा दुकानदार डब्यावर बोट ठेवून काय म्हणाला
ते उद्या आठवू.

पहिलीत उन्हाळी तेल, तांबूस, जाड.
तुझ्या काकानं जन्मभर हेच घातलं करवतीला.
थंडीत डबा सौनाच्या भट्टीशी ठेवायचा,
मग आजारी मांजर न्यावं तसा
कोटाच्या आत धरून रानात न्यायचा.
पोचेपर्यंत ते पुन्हा थिजलेलं.
पण ओइवाला सांगणार कोण?

दुसरीत तेच, चारास एक डिझेल मिसळून.
ही उर्होची युक्ती. वाहतं, नाही म्हणत नाही,
पण हातमोज्यांना, भाकरीला, थर्मासच्या बुचाला
आठवडाभर वास.

तिसरीतलं पिवळ्या फुलांच्या बियांचं.
ओढ्याकाठी कापशील तेव्हा हेच, वाद नको.
फक्त महिनाभर करवत खुंटीला राहिली
की पट्टीच्या खाचेत त्याचा डिंक होतो,
मग बस सुईनं कोरत.

चौथीत हिवाळी. पातळ. आणि किंमत बघून
मी डबा दोनदा फळीवर परत ठेवला होता.

सकाळी उणे एकतीस.
जाड मोजे घालून आपण एकेक बरणी कलंडवली.
पिवळं निम्म्यावर येऊन विचारात पडलं.
डिझेलवालं घाईघाईनं खाली.
हिवाळी नीट चालत काठाशी आलं.
उन्हाळी मात्र, बरणी पालथी केली तरी,
तळ धरून बसलेलं.
"काका," तू म्हणालास,
आणि मला हसू आवरेना,
दफनानंतर पहिल्यांदा.

आता करवत चालू कर.
टोक बर्फाकडे, वीतभर वर. चाप ओढ.
रेघ दिसली पाहिजे,
पांढऱ्यावर बारीक तेलाची रेघ.
नाही दिसली तर बंद कर आणि घरी ये.
पाइन ऐंशी वर्षं उभा आहे,
उद्यापर्यंत थांबेल.

ओइवानं बर्फाकडे कधी पाहिलं नाही.
कोठारात खिळ्यांना सात पट्ट्या लटकताहेत,
कडा जळून निळ्या पडलेल्या.
हल्ली पोलादच हलकं येतं, म्हणायचा,
आणि आठवी आणायला निघायचा.

पातळ तेल साखळीवर टिकत नाही, उडून जातं,
हे खरं. तेव्हा पेट्रोल भरशील
त्या प्रत्येक वेळी तेही भर,
टाकीत डोकावून "आहे अजून" म्हणू नकोस.
ते वाक्य या घरात खूप झालं.

उन्हाळी बरणी पायरीवरच असू दे.
मेमध्ये वाहील आपोआप.
झाकण तेवढं लाव,
मांजर तोंड घालतं.