चौथा मजला, लिफ्ट बंद

अक्रम, पान्हा ठेव जरा आणि ऐक.
हो, ती मालिका बघच. बावन्न भाग आहेत.
आणि तुझ्या त्या दीडपट वेगाने नको;
जिने दीडपट वेगाने चढले
की गुडघे मागाहून हिशेब मागतात.

शहाण्णव साली मी तुझ्याएवढा,
औंधच्या आयटीआयमधून नुकता सुटलेला,
रविवार पेठेत ललवाणी शेठच्या वर्कशॉपात
ग्रीसच्या डब्यावर बसून
गुरुवारी रात्री साडेआठला बघायचो.
टीव्ही चौदा इंची. अँटेनाला तांब्याची वायर,
तीसुद्धा कुठल्यातरी जळक्या मोटारीतून काढलेली.

गोष्ट म्हणशील तर काहीच नाही.
कर्वेनगरात एक सोसायटी, लिफ्ट बंद.
पहिल्या भागात बंद, एकावन्नाव्यातही बंद.
सेक्रेटरी खांबेटे दर आठवड्याला सूचना डकवतात:
‘लिफ्ट बंद आहे. बटण दाबून खात्री करू नये.’
पुढच्या गुरुवारी त्याखाली:
‘खात्री केल्यास दंड रुपये दोन.’
आणि त्याच्याखाली पेन्सिलीनं, कुणाचंतरी:
‘सुट्टे नाहीत.’

सिलेंडरवाला तिसऱ्या मजल्यावर दम खायला टेकतो,
तेवढ्यात त्याला दोन घरांची भांडणं सोडवावी लागतात.
मुलगी बघायला आलेला मुलगा
चार जिने चढून असा धापा टाकतो
की तोंडातून शब्द फुटत नाही,
आणि सगळे म्हणतात, किती अबोल! किती गुणी!
लग्न ठरतं.
नंतरचे अकरा भाग तो बोलायचा थांबत नाही.

मागून लावलेलं ते हसू खोटं आहे, मान्य.
भिंत ढकलली तर हलते, तेही दिसतं.
सातव्या भागातल्या दिघेबाईंच्या हातातला चहा
कपात नाहीच मुळी, पण त्या फुंकर अशी घालतात
की माझी जीभ भाजायची.

तुला एक सांगतो, कुणाला सांगितलं नाही.
मला पहिल्याच भागात बिघाड कळला होता.
दुसऱ्या मजल्याचं दार नीट बसत नाही,
कॉन्टॅक्ट लागत नाही.
दहा मिनिटांचं काम, फार तर पंधरा.
वर्षभर हात शिवशिवायचे माझे,
टीव्हीत शिरून एक स्क्रू आवळावासा वाटायचा.

मग बावन्नावा भाग आला. लिफ्ट सुरू झाली.
हार घातला, नारळ फुटला,
सगळे आत शिरले,
दार लागलं,
आणि कुणाला काही बोलायला सुचेना.
सगळे वर बघत उभे. एक. दोन. तीन.
मागचं हसूही त्या दिवशी लावलं नव्हतं.
ललवाणी शेठ, उधारी सोडून कशानं न हलणारा माणूस,
म्हणाला, ‘बंदच बरी होती की रे.’
आणि शटर खाली ओढायला उठला.

मी आवळलाच नाही तो स्क्रू, हे बरं झालं
असं मी म्हणणार नाही.
लिफ्ट दुरुस्त करून पोरं शिकवली मी.
चौथ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याला
खुर्चीत बसवून खाली आणताना
खांदे कसे भरून येतात, तेही मला ठाऊक आहे.

पण मागल्या मार्चमध्ये बाणेरला,
एकवीस मजल्यांच्या त्या टॉवरात,
चौदा आणि पंधराच्या मधे अडकली होती.
आत सात माणसं, चाळीस मिनिटं.
मी किल्ली घेऊन धावत पोचलो,
कानोसा घेतला,
वाटलं रडारड असेल.
तर आत कुणीतरी डोशाच्या पिठाची पिशवी
कुणाच्या तरी कुत्र्यापासून वाचवत होतं,
आणि एक बाई विचारत होती,
‘तीन वर्षं समोरासमोर राहतोय आपण,
आडनाव काय म्हणालात?’
आणि हसत होते सातही जण,
मागून न लावलेलं.

किल्ली माझ्या हातात होती.
मी तिथं किती वेळ उभा राहिलो
ते कंपनीच्या रजिस्टरात नाही.

चल, उचल पान्हा.
दार बसव. बसलं?
मग दाब बटण.
दाब, खात्री कर. दोन रुपये मी भरतो.