वाव

सर्जेकोटच्या जेटीवरून सुटताना
लवू खोबरेकरांनी इंजिनाला आधी शिवी दिली, मग हात जोडले.
माझ्याजवळ पांढरी तबकडी, दोरी, बाटल्या
आणि सेकंदासकट जुळवलेलं घड्याळ.

दुपारी एक चाळीसला
सातशे किलोमीटर वरून एक उपग्रह जाणार होता,
पाण्याला हिरव्या उजेडाची टिचकी मारून
आतून काय परत येतं ते मोजत.
त्याचं खरंखोटं करायला खाली मी.

तबकडी सोडली.
पांढरी, हिरवट, ताकाच्या निवळीसारखी,
मग आहे की नाही अशी,
मग नाही.
लवूकाकांनी ओली दोरी छातीवरून
दोन्ही हात पसरून मोजली.
"साडेचार वाव गो."
दोरीवर मीटरच्या खुणा होत्या. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही.

"तुझ्या त्या वरच्याक किती खोल दिसता?"
नितळ असेल तर बारा वाव. इथे खाडीचा गाळ, त्याहून कमी.
"आणि मगे?"
मग उजेड दमतो.
"माझो बापूस शिशाच्या गोळ्याक मेण लावी.
तळाची रेव चिकटान येय.
जिभेर ठेवन सांगी, आपण खय पोचलव ता."

रात्री पुन्हा तिथेच. इंजिन बंद.
दिवसभर माशांच्या भीतीने खाली दडलेले
कणीएवढे जीव
काळोख पडला की वर चरायला येतात.
वरच्याला ते दिसत नाहीत.
दुपारच्या आकड्यांतून रात्रीचे वजा केले
की उरतात.

मी हात बुडवला. मनगटाभोवती पाणी पेटलं.
एक चाळीस.
आम्ही दोघे उगाच बोलायचे थांबलो,
जणू कुणी फोटो काढतंय.
"माका काय दिसाक नाय," लवूकाका म्हणाले.
मलाही नाही.
जाळीतल्या बरणीत मात्र काहीतरी
काचेला टकटक करत होतं.

नोंद भरताना खोलीपुढे लिहिलं, साडेचार वाव.
संगणकाने लाल रेघ ओढली.
त्या रकान्यात 'वाव' लिहायला वाव नव्हता.
खुणेवरून मीटर भरले: आठ पूर्णांक एक.
आणि खाली, शेऱ्याच्या मोकळ्या जागेत:
मोजणी, ल. खोबरेकर.
हात पसरून.