सहा नंबरची तार

चिकाशाच्या पश्चिमेला, गव्हाच्या शेतांमागे,
मे महिन्यातल्या एका मंगळवारी
मी मिसेस पेटिग्रूंच्या घराखाली सरपटत गेलो,
कोपरांवर, टॉर्च दातांत धरून.

वर वासे. वाशांवर हार्लनचं पेन्सिलीतलं अक्षर:
‘स्टोव्ह’, ‘हीटर’, बाण, आणि साल अठ्ठ्याण्णव.
मीटरकडून येणारा लोखंडी पाइप
त्याने ट्रॅक्टरच्या उरल्या रंगाने हिरवा केलेला.
पुढे पिवळी, वळ्यावळ्यांची नळी,
जाडी म्हणाल तर पत्र्याच्या डब्याइतकी.
बाँडिंग नव्हतं.

मी लाल चिठ्ठी लिहिली.
‘त्याचं चुकलं?’
नाही. तेव्हा नियमच नव्हता.
नियम मागून आला,
जळालेली घरं मोजून झाल्यावर.

‘पण गॅसच्या पाइपात विजेचं काय काम?’
काहीच नाही. म्हणूनच.
वीज छपरावरच पडावी लागत नाही, अंगणात पडली तरी पुरे;
क्षणभर घरातला सगळा धातू उसळतो,
पण जो तो आपापल्या उंचीवर.
पाइप एकीकडे, शेजारची तार भलतीकडे,
मधलं बोटभर अंतर ठिणगी ओलांडते.
नळीला टाचणीएवढं भोक.
पुढचं गॅस बघून घेतो.
वीज अडवता येत नाही, बाई.
सगळ्यांनी मिळून उसळायचं, मिळून खाली यायचं,
तार एवढंच करते.

त्या बोलल्या नाहीत. गॅरेजमधून कॉफीचा डबा आणला.
आत पितळी क्लॅम्प, अजून प्लास्टिकात,
आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं.
सहा नंबरची. नेमकी तीच.
पावतीवरची तारीख
हार्लन गेला त्याच्या अकरा दिवस आधीची.

मला हात लावायची मुभा नाही. तपासणारा बांधत नाही.
मालकीण आपल्या घरात बांधू शकते;
आणि टॉर्च धरू नये असं
नियमांच्या कुठल्याच पानावर नाही.

एकाहत्तर वर्षांच्या बाई पाठीवर आडव्या झाल्या.
‘रंग खरवडा,’ मी म्हणालो,
‘रंगावर बसलेला क्लॅम्प नुसता दागिना.’
चाकू हिरव्यावर टेकला आणि तिथेच राहिला.
‘पिवळ्या नळीवर लावला तर?’
‘तिथे कधीच नाही.’
वर कुठेतरी फ्रिज घरघरू लागला.

मग खरखर.
खपल्या त्यांच्या केसांत, कानात,
आणि खाली करडं, कोरं लोखंड,
इतक्या वर्षांनी उघडं.

स्क्रू घट्ट. तार वाशांना धरून बाहेर,
जमिनीत ठोकलेल्या कांबीपर्यंत.

त्यांनी कॉफी ठेवली. निळ्या ज्योतीकडे बघत म्हणाल्या,
‘तशीच आहे की.’
हो, दिसण्यात काही फरक पडत नाही.

मी लाल चिठ्ठी फाडली, दुसरी लिहिली.
नैऋत्येला आभाळ जांभळं होत होतं.
केसांतल्या हिरव्या खपल्यांचं
मी त्यांना सांगितलं नाही.