विनावाहक

बावकर म्हणतो, दोन टक्के. अठरा लाखांचे छत्तीस हजार.
"कागदाचं माझ्यावर सोडा मॅडम, तुम्ही फक्त सहीला या."
तेवीस वर्षं मी गुहागर डेपोत तिकिटं दिली,
आधी पंच करून, मग मशीनवर.
हिशेब दुसऱ्यावर सोडायचा नसतो,
एवढं एक त्या चामड्याच्या पिशवीनं शिकवलं.
म्हणून सोमवारी एकटीच उतरले पालशेतला.

चिऱ्याच्या तीन खोल्या. वर नळे, मागच्या पडवीला पत्रा.
पाच माड, त्यातला एक कलंडलेला,
समुद्राकडे नाही, शेजाऱ्याच्या न्हाणीकडे.
झुलेखाबी पारकर उंबऱ्यावर बसून रातांबे फोडत होती,
मनगटापर्यंत लाल.
मी काही विचारायच्या आत म्हणाली,
"विहीर एप्रिलपर्यंत गोड. मेमध्ये मचूळ होते. चहा नासतो."
बावकरच्या फोटोत विहीर होती.
चव नव्हती.

तलाठ्याकडून सातबारा घेतला,
बाहेरच्या बाकावर वाचला, बोट फिरवत,
जसं रात्री डेपोत वेबिल जुळवायचे.
नऊ नावं.
तीन मयत, दोन शारजात, एक मीरा रोडला,
आणि एक अज्ञान, पालनकर्ती आई.
तो अज्ञान मला बुधवारी मासळीबाजारात भेटला.
चाळिशीचा, दाढी पिकलेली, बांगड्यांचा भाव पाडत होता.
सही देतो म्हणाला, पण आधी भाव ऐकू दे.

अमावास्येच्या उधाणाला मुद्दाम गेले.
पाणी गडग्यापर्यंत आलं, थांबलं,
पुन्हा आत यायचं की नाही ते ठरवत राहिलं.
मी काठी रोवली.
"त्या मोठ्या वादळात पायरी चढलं होतं," ती म्हणाली.
"एक. दोन नाही."
विकणाऱ्यानं असं सांगायचं नसतं.
मी तसं म्हणाले तिला.
"मग काय, तू ऱ्हायला येशील तेव्हा मी खोटी पडू?"

छत्तीस हजारांत पत्रा बदलून होतो.
पंप बसतो. वर गादी येते एखादी.
वकिलाची फी वेगळी, ती द्यायचीच,
तीस वर्षांचा शोध मला काही वाचता येणार नाही.
इथवर सगळं माझ्या बाजूनं.

पण पायवाट.
डांबरी रस्त्यापासून दारापर्यंत चाळीस पावलं,
सगळी हुसेनमियां दलवाईच्या आवारातून.
कागदावर तिचा पत्ता नाही.
आणि झुलेखाबीचं नि त्याचं सोळा वर्षं बोलणं नाही,
एका फणसावरून.
फणस पडला तेही पाचवं वर्ष.
बावकर त्याच्या ओट्यावर रोज चहा पितो.

चाळीस पावलांचे छत्तीस हजार.
पावलाला नऊशे.
तिकीट महाग आहे, पण गाडी तर जाते.

रात्री झोप नाही.
विनावाहक गाड्या आल्या तेव्हा डेपोत सगळ्यात जास्त मीच बोलले होते.
मधे बसलेल्या म्हातारीला कोण उतरवणार,
खिडकीवरून जुंपली तर कोण सोडवणार.
माझा पगारही त्यांच्याच तिकिटातून यायचा की.
तेव्हा मला कुणी दलाल म्हटलं असतं
तर पंच फेकून मारला असता.

सकाळी बावकरला फोन केला. नाही म्हणाले.
मग हो म्हणावंसं वाटलं, तोवर त्यानं ठेवला होता.

झुलेखाबीला म्हटलं, चला.
"कुठं?"
चाळीस पावलं.
ती हात धुवायला गेली ती बराच वेळ आलीच नाही.
आली तेव्हा अंगावर इस्त्रीची ओढणी,
हातात कोकमाची बरणी, झाकण घट्ट.
मी पुढे, ती मागे.
सव्विसाव्या पावलाला थांबली. मीही थांबले.
वळून बघितलं नाही.

हुसेनमियांच्या दाराला पितळी कडी आहे.
एकदा वाजवली की थांब,
दोनदा वाजवली की चल.
मी दोनदा वाजवली.
आत कुणीतरी खोकलं.