डोमा कितवा

सोमवारी सलून बंद असतं.
शटर मात्र गुडघ्याच्या वर घेतलेलं;
वाकून आत शिरायचं, आखाड्यात शिरल्यासारखं.

आत पुंडलिक वस्तरा पुसत असतो,
तेजराव बाकावर, मी खिडकीत,
आणि समोरासमोरच्या दोन आरशांत
मेलेले पैलवान एकमेकांना भिडतात,
एकाच्या मागं एक, शेवटचा दिसत नाही.

तेजराव म्हणतो, "किसनाजी धांडे. दुसरं नावच घेऊ नोका."
करीच्या दंगलीआधी धांडेला
जिनिंगच्या काट्यावर उभा केला होता.
पावणेतीन मण भरला.
काटेवाला म्हणाला, सरकीसकट.

पुंडलिकचा रहीमबेग.
बंडीचं जू मानेवर घेऊन उभा राहायचा
आणि त्याच हातांनी पान लावून खायचा.
"धांडे भारी, मी नाई कुठं म्हन्तो?
पन रहीमबेग धा वर्सं आंधी जल्मला असता तर…"
इथं वस्तरा हवेत थांबतो.
दर सोमवारी इथंच थांबतो.

मी वयानं लहान, म्हणून माझा उईके.
जिल्ह्याला राहून शिकलेला, पायात बूट,
सकाळी दहा अंडी, गुण मोजून लढणारा.
"मॅट म्हन्जे गादी," तेजराव म्हणतो,
"गादीवर मानूस झोपते, लढत नाई.
मातीत आन त्याले."
मी म्हणतो, मग धांडेला मॅटवर आणा.
पण आणणार कोण?
धांडे गेला त्या साली उईके जन्मलाही नव्हता.
रहीमबेगची कबर नाल्याच्या पुरात खचली.
उईके एसटीत कंडक्टर आहे,
कमरेला पट्टा बांधून तिकिटं देतो.

खुर्चीत डोमाजी खंडारे.
सोमवारी पुंडलिक दाढीचे पैसे घेत नाही
म्हणून तो सोमवारी येतो.
फेसातून नाक तेवढं बाहेर.

आणि तेजरावला अचानक आठवलं,
चहाचा कप तोंडाशी तसाच राहिला:
"डोमा, तू तं तिघाइच्याबी हातानं पडला ना बे?"

एकोणिसाव्या वर्षी धांडेकडून.
एकतिसाव्या वर्षी रहीमबेगकडून.
चव्वेचाळिसाव्या वर्षी, नारळाच्या कुस्तीत,
विशीतल्या उईकेकडून.

डोमा आरशातूनच बोलला.
"धांड्यानं उचललं तवा
मले जिनिंगची चिमनी दिसली. पुरी.
तितला वर मी कंदी गेलोच नाई, न तवा न मंग.

रहीमबेग उचले नाई. बसे.
वावरावर आभाय बसते तसा.
अन् कानात म्हने, श्वास सोड पोट्ट्या, मंग मी सोडतो.

उईक्याची पकड काई समजली नाई.
पडलो थे समजलं.
पन त्याची छाती माह्या पाठीवर होती
अन् आत धडधड, धडधड.
थो भेत होता ना बापा. मले!"

"मंग नंबर सांग," तेजराव कॅलेंडरचं पान उलटून
पेन घेऊन बसला होता. "पयला कोन?"

डोमानं गालावरचा फेस बोटानं काढला,
बोटाकडे पाहिलं.
"तीस वर्सं झाली, हेच चालू हाय तुमचं.
धांडे कितवा, रहीमबेग कितवा.
येकानं तरी इचारलं का, डोमा कितवा?"

कोणी बोललं नाही.
कॅलेंडरच्या पानावर तेजरावनं
चार आकडा काढला, मग त्यावरच गिरवत राहिला.

"चवथा नोको लिहू," डोमा म्हणाला.
"थे तिघं येकमेकाले भेटले नाई.
मी भेटलो."

टॉवेल झटकून तो उठला, दाराशी गेला,
वाकायला लागला आणि अर्ध्यातच थांबला.
पाठ वाकत नव्हती.

पुंडलिकनं वस्तरा ठेवला
आणि दोन्ही हात लावून,
सोमवार असून,
शटर पार वरपर्यंत नेलं.